डावा पट्टा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. गणपतीलाही नाही – आणि त्याचे डोळे तर दरवर्षी मीच रेखतो. इतक्या जवळ बसून, की सांगायचंच असतं तर तिथे हळूच सांगता आलं असतं. पण डोळे रेखताना श्वास रोखून बसावं लागतं. तेवढं निमित्त मला पुरलं.

तुम्ही माझे कोण? कोणी नाही. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय. आणि सांगताना मी इकडेतिकडे भटकेन, हेही आधीच सांगून ठेवतो. मुद्द्याशी यायला मला वेळ लागतो. बघा ना, इतकी वर्षं लागलीच की.

रत्नागिरीत आमची गणपतीची शाळा आहे. बाहेरच्यांना हा शब्द ऐकून हसू येतं, पण जिथे मूर्ती घडतात त्या जागेला आमच्याकडे शाळाच म्हणतात. आधी ती बाबांची होती, त्यांच्यामागे माझी झाली. माझा मोठा भाऊ सदानंद – मी त्याला दादा म्हणायचो – तिथे कधी रमला नाही. मातीत हात घालायचा तर तोंड वाकडं, आणि रस्त्यावरून नवीन ट्रक गेला की हा अर्धा बाहेर. शेवटी तो ड्रायव्हर झाला आणि आखातात गेला. वहिनी आमच्याकडेच राहिली. मूलबाळ नव्हतं त्यांना. माझंही लग्न झालं नाही – त्याचं कारण मात्र पुढे सांगतोय ते नाही, उगाच तसं समजू नका.

शाळेत एक रीत आहे. एका मूर्तीवर चार-पाच हात फिरतात. कुणी सोंड घोटतो, कुणी पितांबर रंगवतो, कुणी दागिने. कुणाची रेघ वाकडी गेली, तर ज्याचा हात चांगला त्याने ती गुपचूप सरळ करायची. हिणवायचं नाही, आणि ज्याची चूक त्याला कळूही द्यायचं नाही. बाबा म्हणायचे, मूर्ती लोकांच्या घरात जाते ती गणपती म्हणून जाते, कुणाचं नाव लावून जात नाही, मग चूक कुणाची हे विचारायचंच कशाला? रीत चांगली आहे. मी अजून पाळतो. माझं तर असं आहे की वाकडी रेघ दिसली की दाढेत कळ येते. ती सरळ होईपर्यंत जेवण जात नाही मला.

तर दादा परत आला. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तिकडे माल उतरवताना डोक्यावर फळी पडली, बरेच दिवस इस्पितळात होता, आणि मग त्यांनी त्याला घरी पाठवून दिलं. दिसायला धडधाकट. चालायचा, हसायचा, सगळ्यांना ओळखायचा. पहिल्या दिवशी वहिनीने हौसेने बांगड्याचं तिखलं केलं होतं. दादा पोटभर जेवला आणि उठला. ताटात डावीकडचा सगळा भात तसाच. वहिनीचा चेहरा पडला – आवडलं नाही की काय? तिने सहज ताट फिरवून पुढे केलं, तर हा पुन्हा बसला आणि उरलेला भात जेवला. "हा कधी वाढलास गो?" म्हणाला.

डाव्या बाजूचं त्याला दिसत नव्हतं. कधी दिसे, कधी नाही. आणि दिसत नाही, हेच त्याला कळत नसे – खरी मेख ही होती. काळोख दिसला असता तर माणूस जपून तरी चालला असता. त्याच्यापुरतं जग तेवढंच होतं, उजवीकडचं, आणि ते त्याला पुरं वाटायचं. मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं की हे आपोआप सुधारतं, कधी सुधारतही नाही. बारीक काम करत राहा, आणि सुधारलं अशी खात्री झाल्याशिवाय गाडीला हात लावू नका.

बारीक काम म्हणजे काय, ते त्याच्या ट्रंकेतच होतं. आखातातल्या शेठच्या मुलाने न उघडताच टाकून दिलेलं एक खोकं. वर चित्र – अमेरिकन गाडी, दोन दारांची, जुनी, तांबडीभडक, पुढचं तोंड हे एवढं लांब आणि त्यावर मधोमध दोन पांढरे पट्टे. आत त्याच गाडीचे वीतभर लांबीचे सुटे भाग, प्लास्टिकच्या काड्यांना चिकटलेले. एकेक तोडायचा, कडा घासायची, चिकटवायचा. दादाच्या डोळ्यांत पाणी आलं ते खोकं उघडताना.

"अशीच खरी गाडी चालवलीय मी तिकडे," मला म्हणाला, "शेठची नजर चुकवून. नुसता पाय ठेवलास ना, की पाठ सीटला चिकटायची रे."

आषाढ-श्रावण ते काम चाललं. माझ्या शाळेत त्याच दिवसांत मरणाची घाई, तरी पडवीच्या एका कोपऱ्यात मी त्याला पाट मांडून दिला. चिकटवायच्या नळीतला डिंक वाळून दगड झालेला, म्हणून थर्मोकोल पेट्रोलमध्ये विरघळवून मी त्याला नवा करून दिला. बंपर चकचकीत दिसायला सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद. इंजिनाच्या वायरी म्हणून मिरकरवाड्याच्या बंदरातून आणलेला मासेमारीच्या जाळ्याचा बारीक दोरा. खरं सांगू? मला चटक लागली. आयुष्यभर मी सोंडा आणि मोदक रंगवलेले. हे असं सरळ, कोनाकोनाचं, नखाएवढ्या स्टेअरिंगचं काम मी कधी केलंच नव्हतं. दादा दुपारी जेवून झोपला की मी जाऊन बघायचो – कुठे काय चिकटवलंय, कसं दिसतंय. सीटवरच्या शिवणी मी आखल्या. मीटरमधले काटे मी काढले. पण ते त्याच्या देखत, त्याने सांगितलं म्हणून. ते मी लपवत नाही.

शेवटी राहिले पट्टे. त्यांचं दादाने मनात काय घेतलं होतं देव जाणे. म्हणाला, चिकटपट्टी लावून कोण पण ओढील, मी नुसत्या हाताने ओढणार. गाडी फिरवूनही घेणार नाही. आत बसल्यावर बॉनेट जसं समोर दिसतं तसंच धरणार. आणि दोन्ही पट्टे सरळ आले –

"तर मी बरा झालो. परत स्टेअरिंगवर. नाय आले तर तुज्या शाळेत माती मळायला बसतो, जा."

हे तो वहिनीसमोर बोलला. हसत बोलला. पण मातीचा त्याला किती तिटकारा होता ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं.

त्या सकाळी त्याने पट्टे ओढले. तास-दीड तास लागला असेल. मग मान अवघडली म्हणून उठला, न बघताच. संध्याकाळी बघू म्हणाला, जेवला, झोपला. मी पाटाशी गेलो.

उजवा पट्टा सुंदर होता. सुंदर – मी हा शब्द सहसा वापरत नाही. डावा मात्र काचेपासून निघून मध्येच बारीक झालेला, मग तुटलेला, मग पुन्हा भलतीकडेच सुरू होऊन बॉनेटच्या कडेवरून खाली ओघळलेला. जणू ओढणाऱ्याला गाडी तिथेच संपलेली दिसत होती. आणि तसंच होतं ते. मी डॉक्टर नव्हे, पण रेघ वाचता येते मला. त्या रेघेत सगळं लिहिलेलं होतं. ते वाचायला त्या घरात माझ्याइतका लायक माणूस दुसरा नव्हता.

पावसाळी हवेत तेलरंग लवकर वाळत नाही. खालचा तांबडा कधीच पक्का झालेला, वरचा पांढरा अजून ओला. मी टर्पेंटाइनची चिंधी घेतली, डावा पट्टा पुसला, आणि गणपतीच्या भुवया रेखायचा खारीच्या केसांचा कुंचला घेऊन पुन्हा ओढला. उजव्याला जोड म्हणून शोभेल असा. उजव्यात दादाचा हात जिथे किंचित थरथरला होता, तिथे मीही थरथर ठेवली. एवढी कारागिरी!

का केलं? भावाच्या मायेपोटी केलं असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ऐकायला बरं वाटतं ते. पण त्या दुपारी माझ्या मनात दादा नव्हताच. मनात ती गाडी होती. एवढी नखरेल वस्तू, आणि तोंडावर ते फरपटलेलं पांढरं – मला सहन झालं नाही. दाढेत कळ आली. हात शाळेतला, त्याने शाळेतलं काम केलं. रेघ सरळ करायची आणि बोलायचं नाही.

पण रीत मूर्तीची होती, माणसाची नव्हे. हे मला तेव्हा कळत नव्हतं का? कळत होतं. चिंधी हातात घेतानाही कळत होतं.

संध्याकाळी दादा उठला. स्वतःच्या डोळ्यांवर त्याचा विश्वास नव्हताच, म्हणून त्याने वहिनीला बोलावलं, हातात फूटपट्टी दिली. तिने ती एका पट्ट्याला लावली, मग दुसऱ्याला लावली. चूल सोडून आलेली बाई, पण चांगली निरखून बघत होती.

"सरळ हायत," ती म्हणाली. "अहो, दोनी सरळ हायत!"

तिने खोटं सांगितलं नाही, हे ध्यानात ठेवा. तिने जे होतं ते सांगितलं.

दादा लगेच हसला नाही. माझ्याकडे बघत राहिला. मग वहिनी आत गेल्यावर हळूच म्हणाला,

"तू हात नाय ना लावलास रे?"

म्हणजे त्याला शंका आली होती. शाळेची रीत तोही जाणून होता, त्याच घरात वाढलेला. देवाने मला याहून सोपी संधी द्यायला हवी होती का? एक शब्द बोलायचा होता.

"नाय रे दादा," मी म्हणालो. "मी कशाला लावू?"

मग हसला तो. लहानपणी भाड्याची सायकल उतारावर सोडून द्यायचा तेव्हा जसा हसायचा, तसा हसला. आणि ते हसू बघून मला बरं वाटलं. हेही सांगून टाकतो – मला फार बरं वाटलं.

त्या वर्षी गणपतीच्या आरासेत ती गाडी मांडली. आरतीला आलेला जो तो गणपतीआधी गाडी बघायचा. दादा उजव्या बाजूला उभा राहून सगळ्यांना सांगायचा, पट्टे मी हाताने ओढलेत. ताटातला भातही आता उरत नव्हता, म्हणून वहिनी खूष होती. पण एकदा जेवताना माझं लक्ष गेलं – अर्धं जेवण झालं की तो बोटाने ताट हळूच फिरवून घ्यायचा. सवयीने. तो बरा झाला नव्हता, शिकला होता. हेही मी पाहिलं, आणि खाली बघून जेवत राहिलो.

नवरात्र संपताना त्याला मासळीच्या ट्रकवर काम मिळालं. मिरकरवाड्यातून बर्फातली मासळी भरायची, आंबा घाटाने कोल्हापूरला टाकायची, रिकामं परत यायचं. मालकाने विचारलं तर दादाने म्हणे त्यालाही गाडी नेऊन दाखवली.

वहिनीला मात्र ते नको होतं. तिची जीभ तिखट. आमच्या आळीत तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नव्हती, आणि थट्टा करायला लागली तर हसून पोट दुखायचं. पहिल्या फेरीला निघायच्या सकाळी ती चिडली होती. इतकी वर्षं परदेशात, आता कुठे घरी आलात, की परत चाकावर? दादा चपला घालत राहिला. मग ती म्हणाली,

"जायचाय तर जावा. परत तोंड दाखवू नका माका."

कोकणातली बाई रागावली की याहून कमी काही बोलत नाही. रात्री त्याच बाईने त्याच्यासाठी ताट वाढून झाकून ठेवलं असतं. पण ते ताट झाकायची वेळ आलीच नाही.

परत येताना, घाट उतरताना, भर दुपारी, लख्ख उन्हात ट्रक दरीत गेला. क्लीनर बाहेर फेकला गेला आणि वाचला. तो आमच्या पडवीत येऊन सांगत होता, डोक्याला पट्टी बांधलेली, हात जोडून. ब्रेक चांगले होते. भाऊंनी चहाशिवाय काही घेतलं नव्हतं. जाताना पुढे एस्टी होती, तिच्या मागोमाग चढले. येताना रस्ता मोकळा.

"वळान आला," तो म्हणाला, "आनी भाऊ वळलेच नायत. सरळ गेले. मी वराडलो, पन तवर –"

वळण कुठल्या बाजूचं, हे तिथे कुणी विचारलं नाही. मी तरी विचारायचं कशाला? मला माहीत होतं.

दिवस घातल्यावर वहिनी माझ्याकडे शाळेत आली. कधी येत नसे ती तिथे. पुढच्या खोलीत मूर्तींचे रिकामे पाट रचलेले, तिथे उभी राहिली.

"भावजी, खरा सांगा. त्यांचे डोळे बरे झाले होते ना?"

ही दुसरी संधी. आणि ही पहिलीसारखी नव्हती – दादाला मी फसवलं तेव्हा पुढचं दिसत नव्हतं असं तरी म्हणता येईल. आता सगळं समोर होतं. नाही म्हटलं असतं तर पुढे पट्ट्यांचं सांगावं लागलं असतं. मग क्लीनर, मालक, आळी, सगळे. शाळेत मूर्ती करायला सांगायला कोण आलं असतं? ज्याने भावाला... मी भ्यालो. दुसरं काही नव्हतं ते, नुसतं भय होतं.

"बरे होते, वहिनी," मी म्हणालो. "पट्टे तुमीच बगितलात ना?"

तिनेच बघितलं होतं. तिनेच फूटपट्टी लावली होती. तिने मान हलवली. मग म्हणाली,

"मग माज्या बोलन्यानं गेले ते."

डोळे बरे, ब्रेक बरे, ऊन लख्ख, आणि माणूस सरळ दरीत जातो. त्या बाईने आणखी काय समजायचं? मी तिला दुसरं काही समजायला जागाच ठेवली नव्हती. मी म्हणालो, तसं काही मनात आणू नका. एवढंच. खोटं बोलून झाल्यावर समजूत घालायलाही मी मागे राहिलो नाही.

त्यानंतर वहिनी कुणाला वेडंवाकडं बोलली नाही. सांगून पटणार नाही, पण त्या दिवसानंतर मी तिचा चढलेला आवाज ऐकला नाही. भांडण नाही, टोमणा नाही, थट्टाही नाही. शब्द तोंडातून काढताना आधी तपासून घ्यायची – हा कुणाला लागेल का? आळीतले म्हणायचे, दुःखाने बाई देवमाणूस झाली. सासवा सुनांना तिचं उदाहरण द्यायच्या. मी त्यांच्यात बसून मान डोलवायचो. तीच मला रोज वाढत होती. गरम भात, वर आमटी, आणि ताट पुढे सरकवताना डावीकडचं काही राहू नये म्हणून एकदा हलकेच फिरवायची. सवय तिलाही लागली होती.

गाडी तिने काचेच्या कपाटात ठेवली. दर शनिवारी मऊ फडक्याने पुसायची. कुणी पाहुणा आला आणि गोष्ट निघालीच, तर ती गाडी काढून दाखवायची. यांचा हात बघा, म्हणायची, केवढा सरळ चालायचा. दोष त्यांच्यात नव्हता हो. दोष कुणात होता हे मात्र ती पाहुण्यांना सांगत नसे. ते ती फक्त मला सांगायची, कधीमधी, भांडी घासताना, मान वर न करता. आणि मी तिला दर वेळी तेच म्हणायचो – तसं काही नाही, वहिनी.

किती सोपं होतं तेव्हा. ती पाठमोरी असायची. माझं तोंडही तिला दिसलं नसतं.

गेल्या श्रावणात ती गेली. शेवटचे दिवस अंथरुणावरच होती, पण शुद्ध चांगली. शाळेतून येऊन मी तिच्या उशाशी बसायचो. एका संध्याकाळी तिने माझा हात धरला. मला वाटलं पाणी हवं असेल.

"तिकडे गेले की पयला त्यांना इचारीन," ती म्हणाली. "म्हनीन, एवढा काय लागला तुमाला माजा बोलना?"

तिसरी संधी. घरात आम्ही दोघंच. ना क्लीनर, ना मालक, ना आळी. मूर्ती कोण सांगेल याची चिंता करायचं माझंही वय राहिलेलं नाही. नुसतं "वहिनी" म्हणून सुरुवात केली असती तरी पुढचं आलं असतं. मी तिची उशी नीट केली. चादर सरळ केली. वाकडी झाली होती एका बाजूला.

ती गेली ती तेच मनात घेऊन गेली.

कपाट आता माझ्या खोलीत आहे. गाडीचा तांबडा रंग थोडा उतरलाय, सिगरेटच्या कागदाचा बंपर काळपटलाय, एक चाक हलतं. पट्टे जसेच्या तसे आहेत. येणारे-जाणारे अजून विचारतात, कुणी केली हो? शाळेत आम्ही कामावर कुणाचं नाव घालत नाही, म्हणून मी आजवर गप्प राहिलो. इथे घालतो. उजवा पट्टा माझ्या भावाचा आहे. डावा माझा.